हरवलेले साडेसात व्होल्ट: एका जुन्या बाग-ट्रॅक्टरच्या इग्निशनचं प्रकरण

कोकणात ‘छोटा ट्रॅक्टर’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो पॉवर टिलर, आणि तो डिझेलवर चालतो. दाबून तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपसूक पेटतं. तिथं प्लग नाही, कॉइल नाही, ठिणगीची भानगडच नाही. ठिणगीची इंजिनं आमच्याकडे होती ती बागेतल्या फवारणीची, पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर सोडायची. ती कमी झाली तशी पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे धातूचे दोन संपर्क) घासणारी, फिलर गेज (फट मोजायच्या बारीक पत्त्या) खिशात घेऊन फिरणारी माणसंही कमी झाली. मी आयटीआयमध्ये पोरांना हे सगळं शिकवत होतो. निवृत्त झाल्यावर आता कुणाचं काही अडलं तर जातो. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की यात माझी स्वतःची एक चूक आहे, आणि लिहिण्यासारखं त्या चुकीतच जास्त आहे.

गाडी तात्यांची. देवगड तालुक्यात, समुद्रापासून पायी दहा मिनिटांवर, सड्यावर (जांभ्या दगडाच्या माळावर) त्यांची हापूसची बाग आहे. गाडी म्हणजे चार चाकांचा, वर बसून चालवायचा, अमेरिकन बनावटीचा बाग-ट्रॅक्टर. मुंबईतल्या एका कारखान्याच्या हिरवळीवर तो गवत कापत असे. कारखाना बंद पडला, भंगाराचा लिलाव झाला आणि तात्यांच्या थोरल्या भावानं तो ट्रकात घालून गावी पाठवला. गावात सुरुवातीला हसले लोक. पण कलमांच्या ओळींतून फिरायला, बेणणी झाल्यावर गवत ओढायला आणि एप्रिल-मेमध्ये आंब्याचे क्रेट पडवीपर्यंत आणायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. मोठा ट्रॅक्टर फांद्यांखाली शिरत नाही, गडग्याच्या बेड्यातून, म्हणजे दगडी कुंपणातल्या वाटेतून, तर मुळीच जात नाही.

इंजिन एका सिलिंडरचं, हवेनं थंड होणारं, बारा हॉर्सपॉवरचं, ओतीव लोखंडाचं. बारा व्होल्टची बॅटरी, बाहेर बसवलेली कॉइल, इंजिनाच्या बाजूला पत्र्याच्या टोपणाखाली पॉइंट आणि शेजारी कंडेन्सर. कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा दोष कंपनीच्या माथी मारतो, आणि इथं दोष समुद्राचा होता. थोडा माणसांचाही.

ज्यांनी पॉइंटचं इग्निशन पाहिलेलंच नाही त्यांच्यासाठी चार ओळी. चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं बसवलेली ही रचना १९१० च्या कॅडिलॅक गाडीत आली आणि पुढं साठेक वर्षं जगभरच्या गाड्या तिच्यावर चालल्या. आपल्या अ‍ॅम्बेसॅडर आणि पद्मिनीसुद्धा. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा बॅटरीचा करंट कॉइलच्या जाड तारेतून जातो आणि पॉइंटमधून बॉडीला मिळतो. कॉइलच्या गाभ्यात चुंबकत्व साठतं. कॅमनं पॉइंट उघडले की करंट तुटतो, चुंबकत्व कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत कित्येक हजार व्होल्ट उभे राहतात. ते प्लगमध्ये ठिणगी होऊन जातात. करंट तुटताना पॉइंटवरच ठिणगी पडू नये म्हणून कंडेन्सर. यातली एक गोष्ट पुढं कामाला येणार आहे: साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या हिशेबानं बदलते. करंट निम्मा झाला तर ठिणगीची ताकद निम्मी होत नाही, चौथाई होते.

तक्रार आणि आधीचा इतिहास

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तात्यांचा फोन आला. “मास्तरांनू, सकाळी बरो चलता. अर्धो तास झालो काय मध्येच मरता. मगे कायव करा, उठना नाय.”

थंड असताना पहिल्या सेल्फला सुरू, वीस ते तीस मिनिटांत आधी एक-दोन फटके चुकवायचे, मग बंद. सेल्फ मारला तर इंजिन फिरतं, पण धरत नाही. पाऊण तास सावलीत ठेवलं की पुन्हा जणू काही झालंच नाही असं चालू.

त्याआधीचा इतिहास मी खोदून विचारला. पावसाळ्यात ट्रॅक्टर ताडपत्रीखाली मांगरात होता. दिवाळीनंतर बाहेर काढला तेव्हा चालू व्हायला त्रास द्यायला लागला, पण एकदा चालू झाला की दिवसभर चालायचा. म्हणजे तेव्हाची तक्रार आताच्या बरोब्बर उलट होती. जवळच्या एका मेकॅनिकनं ठिणगी पाहिली, ती पिवळट आणि बारीक होती, म्हणून त्यानं कॉइल बदलली. कुठल्याशा मोटारगाडीची एक कॉइल आणून लावली. ठिणगी निळी झाली, ट्रॅक्टर लगेच धरला, तात्या खूश. दहा-बारा दिवसांनी गरम झाल्यावर मरायचा नवा रोग सुरू झाला. मग प्लग बदलला. मग कार्बोरेटर साफ केला. मग पॉइंट बदलले, दोन महिन्यांत दोनदा.

दोन महिन्यांत दोनदा पॉइंट, हे वाक्य ऐकून मी तिथंच थांबायला हवं होतं. थांबलो नाही.

तात्यांचा स्वतःचा संशय पेट्रोलवर. “ह्या नव्या पेट्रोलात पाणी असतला,” ते म्हणत होते. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं, आणि इथेनॉल ओल ओढून घेतं. आमच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी चार महिने ठेवली तर तळाला पाणी साचू शकतं, जुने रबरी पाइपही त्यानं फुगतात. पण पाणी असेल तर इंजिन थंडपणीही त्रास देईल, घड्याळ लावून अर्ध्या तासानं मरणार नाही. अर्ध्या तासानं मारणारी पेट्रोलची एकच गोष्ट मला माहीत आहे: टाकीच्या झाकणाचं भोक बुजणं. पेट्रोल खाली उतरतं, आत निर्वात तयार होतो, पुरवठा थांबतो. ते तपासणं सोपं असतं. इंजिन मेलं की झाकण सैल करायचं. ‘सुस्स’ असा आवाज येऊन लगेच चालू झालं तर रोग सापडला.

पहिली फेरी, म्हणजे माझी चूक

गेलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. तात्यांनी ट्रॅक्टर आदल्या दिवसापासून हलवला नव्हता. मी चालू केला, बागेत फिरवला, सत्ताविसाव्या मिनिटाला त्यानं मान टाकली. झाकण उघडलं: आवाज नाही, फरक नाही. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल भरपूर. मग ठिणगी.

ठिणगी पाहायची आमच्याकडची रीत म्हणजे प्लग काढायचा, इंजिनाच्या हेडला टेकवायचा, सेल्फ मारायचा. ही रीत फसवी आहे. सिलिंडरमध्ये ठिणगी पडते तेव्हा तिथं दाबलेली हवा असते, आणि दाबलेल्या हवेतून उडी मारायला उघड्यावरच्या कितीतरी पट व्होल्ट लागतात. उघड्यावर दिसलेली ठिणगी आत पडेलच असं नाही. म्हणून मी एका जुन्या प्लगचा बाजूचा दांडा कापून, ठिणगीला सहाएक मिलिमीटर उडी मारायला लागेल असा एक प्लग करून ठेवलाय, त्याला चिमटा जोडलाय. तो लावून सेल्फ मारला. काही नाही. म्हणजे दोष नक्की विजेच्या बाजूला. इथवर माझं बरोबर होतं.

मग मी मीटर काढला. किल्ली चालू करून कॉइलच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर तार ठेवली: १२.४ व्होल्ट. बॅटरीवरही १२.४. मनात म्हटलं, कॉइलपर्यंत करंट पुरेपूर येतोय, दोष कॉइलच्या पुढे आहे. पॉइंटवरचं टोपण काढलं. पॉइंट काळे पडले होते, एकावर टेकूळ आणि दुसऱ्यावर खड्डा. पुस्तकात लिहिलेलं आणि मी पंचवीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं वाक्य आठवलं: पॉइंट जळतात आणि गरम झाल्यावर इंजिन मरतं, तर कंडेन्सर पाहा. पॉइंट बारीक कानसीनं घासले, गॅप वीस थाऊ म्हणजे अर्धा मिलिमीटर लावला, पिशवीतला पद्मिनीचा कंडेन्सर बसवला. त्याची धारकता सुमारे पाव मायक्रोफॅरड असते, या इंजिनाला ती चालते.

तोवर ट्रॅक्टर थंड झाला होता, अर्थातच चालू झाला. चाळीस मिनिटं चालवला, मेला नाही. समुद्रावरून वारा सुटला होता. जेवण झालं, सोलकढी झाली, मी घरी आलो. रात्री साडेआठला फोन: “ह्यो परत मेलो.”

काढलेला जुना कंडेन्सर मी घरी काट्याच्या जुन्या मीटरवर तपासला. काटा उडी मारून परत जागेवर आला. गरम पाण्याच्या भांड्यावर धरून पुन्हा तपासला, तरी तसाच. धडधाकट कंडेन्सर काढून टाकला होता मी.

मग रात्री उशिरा लक्षात आलं. १२.४ व्होल्ट मोजले तेव्हा पॉइंट उघडे होते की मिटलेले? मी पाहिलंच नव्हतं.

हे का महत्त्वाचं ते सांगतो. पॉइंट उघडे असले की कॉइलमधून करंट वाहत नाही. करंट वाहत नसेल तर वाटेत कितीही गंज असू दे, तिथं व्होल्ट पडत नाहीत. नळ बंद असताना पाइपात दाब पूर्ण दिसतो, पाइप नव्वद टक्के चोंदलेला असला तरी. नळ सोडला की कळतं. डिजिटल मीटर तर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे त्याला केसाएवढा जोडही पुरतो. टेस्ट लॅम्पची तीच गत. पाच वॉटचा बल्ब अर्ध्या अँपिअरलाही पोचत नाही. आधीच्या मेकॅनिकनं टेस्ट लॅम्प लावून पाहिला होता, तो झगझगीत पेटला होता, म्हणून त्यानंही वायरिंग सोडून दिलं होतं. आम्ही दोघांनीही विचारलं होतं, ‘करंट येतोय का?’ विचारायचं होतं, ‘मागितला तेवढा येतोय का?’

दुसरी फेरी

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता गेलो, मुद्दाम उन्हात. पुतण्याला बरोबर घेतलं, कारण मेलेल्या क्षणी दोन माणसं लागतात. इंजिन थंड असतानाच पहिलं मोजमाप घेतलं. या वेळी टोपण काढून फ्लायव्हील हातानं फिरवून पॉइंट मिटले आहेत हे डोळ्यांनी पाहिलं. किल्ली चालू, पटकन आकडे घ्यायचे आणि किल्ली बंद. पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालू ठेवली तर कॉइल फुकटची भाजते.

थंड असताना, सगळं बॅटरीच्या निगेटिव्हच्या हिशेबानं:

किल्लीच्या स्विचमध्ये आत जाणारी वायर: १२.४ व्होल्ट
स्विचमधून बाहेर येणारी वायर: ११.२
कॉइलचं पॉझिटिव्ह: ११.०
कॉइलचं निगेटिव्ह, म्हणजे पॉइंटकडची बाजू: ०.४

स्विचमध्येच १.२ व्होल्ट गेले. चांगल्या स्विचमध्ये पाव व्होल्टही जाऊ नये. पण या आकड्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कॉइलच्या वायरी सोडून जाड तारेचा रोध मोजला: १.५ ओहम. ११.० वजा ०.४, भागिले १.५, म्हणजे सात अँपिअर! या इंजिनाच्या मूळ कॉइलला साडेतीनच्या आसपास लागतात.

कॉइल उलटी करून रॉकेलच्या फडक्यानं बूड पुसलं. तिथं ठशात लिहिलेलंच होतं, बाहेरचा रेझिस्टर लावूनच वापरा. ज्या गाड्यांत कॉइलच्या आधी दीडेक ओहमचा बॅलास्ट रेझिस्टर असतो त्यांच्यासाठीची ही कॉइल. तिथं रेझिस्टर करंटला लगाम घालतो, सेल्फ मारताना तेवढ्यापुरता बाजूला होतो. तात्यांच्या ट्रॅक्टरात रेझिस्टर नव्हता. म्हणजे कॉइल दुप्पट करंट ओढत होती आणि तो सगळा पॉइंटमधून आणि त्या खारावलेल्या स्विचमधून चालला होता. दोन महिन्यांत दोनदा पॉइंट का जळले त्याचं उत्तर मिळालं. पण अर्ध्या तासानं मरण्याचं उत्तर अजून मिळायचं होतं.

ट्रॅक्टर चालू केला. पुतण्या ट्रेलरमध्ये चार जांभे चिरे घालून चढावर फेऱ्या मारत होता, मी घड्याळ धरून सावलीत. एकविसाव्या मिनिटाला फटका चुकला, चोविसाव्याला मेला. धावत गेलो. पॉइंट बघितले, उघडे होते. फ्लायव्हील थोडं फिरवून मिटवले. किल्ली चालू.

स्विचमध्ये आत: १२.४
स्विचमधून बाहेर: ४.९
कॉइलचं पॉझिटिव्ह: ४.६
कॉइलचं निगेटिव्ह: ०.५

साडेसात व्होल्ट एकट्या स्विचनं गिळले होते. ४.६ वजा ०.५, भागिले १.५, म्हणजे २.७ अँपिअर. हा आकडा वाचून कुणी म्हणेल, मूळ कॉइलपेक्षा फार कमी नाही. पण या जातीच्या कॉइलला जाड तारेचे वेढे कमी असतात, तिला तितकंच चुंबकत्व साठवायला करंट जास्त लागतो. शिवाय सेल्फ मारताना बॅटरी दहा व्होल्टवर येते, तेव्हा उरणार काय! आणि साडेसात गुणिले २.७, म्हणजे वीस वॉट उष्णता स्विचच्या पोटात. रेडिओ दुरुस्तीची बारीक सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटची असते. इंजिन चालू असताना पॉइंट उघडझाप करतात म्हणून सरासरी याहून कमी धरावी लागेल, पण स्विचचं प्लॅस्टिक वितळायला तेवढीही पुरते. मी डॅशबोर्डच्या मागं हात घालून स्विचला बोट लावलं आणि लगेच काढलं.

सगळं चक्र असं होतं. खारट जोडातून सात अँपिअर गेले की जोड तापतो. तापला की आतली पत्ती आणि तिला दाबून धरणारी स्प्रिंग ढिली पडते, रोध वाढतो. रोध वाढला की आणखी तापतो. वीस-पंचवीस मिनिटांत व्होल्ट इतके उतरतात की ठिणगी तुटते. पाऊण तासात स्विच थंड, पत्ती पुन्हा टेकली, ट्रॅक्टर चालू. इंजिन गरम झाल्यामुळं मरत नव्हतंच. स्विच गरम झाल्यामुळं मरत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी गरम होत असल्यामुळं सगळ्यांचे हात इंजिनाकडे जात होते.

खात्रीसाठी शेवटची परीक्षा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूज लावलेली एक वायर थेट कॉइलच्या पॉझिटिव्हला दिली, स्विचला बगल देऊन. सेल्फ मारला. गरम इंजिन, दुपारचं ऊन, आणि पहिल्या फेऱ्याला धरलं. तात्या खुर्चीवरून उठून आले. ही वायर मिनिटभरच ठेवायची असते. अशा जोडणीत किल्ली बंद केली तरी इंजिन बंद होत नाही, वायर उपटावी लागते, हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातात ती देऊ नये.

स्विचच्या पोटात

स्विच काढून टेबलावर फोडला. मागच्या बाजूची दोन पितळी पानं (वायरी जोडायच्या पट्ट्या) हिरवी पडली होती. अशी हिरवी भुकटी आमच्याकडे देव्हाऱ्यातल्या न घासलेल्या ताम्हनावर दिसते. एका पानाभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन मेणबत्तीसारखं वाहिलं होतं. आत तांब्याची फिरती पत्ती, तिच्यावर तीन उंचवटे. दोन स्वच्छ, तिसरा कोळशासारखा काळा. त्या तिसऱ्यावरूनच इग्निशनचा करंट जात होता. खालची स्प्रिंग ताण गेल्यासारखी मऊ लागत होती.

आता दिवाळीची तक्रारही उलगडली. पावसाळाभर खारं वारं आणि ओल यांनी स्विचच्या जोडावर थर चढवला. मूळ कॉइलला मिळायला हवे होते त्याहून दोन-तीन व्होल्ट कमी मिळू लागले. सेल्फ मारताना बॅटरी आधीच खाली, त्यात हा तोटा, म्हणून चालू होताना त्रास. एकदा चालू झाल्यावर चार्जिंगमुळं व्होल्ट वर, म्हणून दिवसभर ठीक. रोग स्विचचा, आणि बदलली कॉइल. नवी कॉइल करंट दुप्पट ओढणारी असल्यामुळं तोटा सोसूनही ठिणगी निळी दिसली. त्या मेकॅनिकला मी फारसा दोष देत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे पिवळी ठिणगी निळी झाली होती, गिऱ्हाईक हसत होतं. मी त्याच्यापेक्षा जास्त शिकलेला, आणि मी कंडेन्सर बदलला.

मूळ कॉइलचं काय झालं, विचारलं. तात्या आत गेले आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. “टाकतलंय कित्याक? डब्यात आसा.” जाड तारेचा रोध ३.३ ओहम, बारीक तारेचा साडेनऊ हजार ओहम. म्हाताऱ्याची नाडी एकदम ठणठणीत! तासभर उन्हात तापवून पुन्हा मोजली, आकडे थोडे वाढले, तांब्याचे वाढायचेच. तुटक कुठं नाही.

दुरुस्ती

तसाच स्विच मिळण्याची आशा नव्हती. कणकवलीत हायवेलगतच्या दुकानातून मोठ्या ट्रॅक्टरचा, जाड पानांचा स्विच आणला. डॅशबोर्डचं भोक कानसीनं दोन मिलिमीटर वाढवावं लागलं. बॅटरी ते स्विच आणि स्विच ते कॉइल या वायरी नव्या घातल्या. जुन्या वायरीचं रबर सोललं तर आतलं तांबं टोकापासून चार बोटं काळं निघालं, त्याच्यावर नवं पान दाबून उपयोग नसतो. पानं दाबून, वर सोल्डर करून, पेट्रोलियम जेली चोपडली. बॅटरीची निगेटिव्ह केबल जिथं चासीला बोल्ट केली होती तिथला रंग आणि गंज घासून लखलखीत लोखंडावर ती बसवली.

पॉइंट नवेच घातले. जळालेले पॉइंट कितीही घासले तरी टेकूळ-खड्डा पुरता जात नाही, आणि पॉलिश पेपरचे कण मध्ये अडकतात. नव्या पॉइंटमधूनही बसवल्यावर एक कोरा जाड कागद ओढून घ्यावा, फिलर गेजवरचं तेल राहिलेलं असतं. या इंजिनात पॉइंटला ढकलणारी बारीक दांडी इंजिनाच्या आतून येते, तिच्या कडेनं तेल झिरपतं. टोपणाच्या आत तेलाचा ओघळ होता, तो पुसला.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, गॅपवर न सोडता दिव्यानं लावलं. कॉइलच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून बॉडीपर्यंत छोटा बल्ब जोडायचा, किल्ली चालू करायची, प्लग काढून फ्लायव्हील फिरण्याच्या दिशेनं हळूहळू हातानं आणायचं. पॉइंट मिटलेले तोवर बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. फ्लायव्हीलवर एक ‘टी’ खूण असते, पिस्टन माथ्यावर असल्याची, आणि तिच्या वीस अंश आधी ‘एस’ खूण, ठिणगीची. बल्ब बरोबर ‘एस’ खिडकीत आल्यावर पेटला पाहिजे. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढं जातं. कमी केला की मागं पडतं. आमचं ‘एस’ वर आलं तेव्हा गॅप एकोणीस थाऊ होता. कुणी विचारेल, पुस्तकात वीस आहे, मग? कॅम झिजलेला आहे, मी खुणेचं ऐकतो.

मग पुन्हा तेच चार आकडे. स्विचमध्ये आत १२.५, बाहेर १२.४, कॉइलवर १२.३, पॉइंटच्या बाजूला ०.१. भागिले ३.३: ३.७ अँपिअर. दुपारी चिरे घालून दीड तास सलग चालवला. दीड तासानं स्विचला बोट लावलं तर तो डॅशबोर्डच्या पत्र्याइतकाच कोमट. दर अर्ध्या तासानं बंद करून गरम गरम चालू करून पाहिला, प्रत्येक वेळी धरला.

खर्चाचं सांगायचं तर स्विच, वायर आणि पॉइंट मिळून जे लागले त्याहून जास्त पैसे आधीच्या तीन महिन्यांत न लागणाऱ्या वस्तूंवर गेले होते. त्यात माझा कंडेन्सरही धरायचा. त्याचे पैसे मी घेतले नाहीत.

पुढं मार्च ते मे आंब्याचा पूर्ण हंगाम ट्रॅक्टर चालला. एप्रिलमध्ये एकदा फोन आला, धूर काळा येतोय आणि फटके चुकतात. तो चोक पुरता उघडत नव्हता, केबलीला गंज. दहा मिनिटांचं काम, इग्निशनशी संबंध नव्हता. पण गेल्या गेल्या मी आधी पॉइंट मिटवून चार आकडे घेतलेच. स्विचमधला तोटा पाव व्होल्टच्या आत.

जूनच्या पहिल्या सरीआधी ताडपत्री घालताना बॅटरी काढून घरात आणली, स्विचच्या तोंडाला ग्रीस भरून वर प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडनं बांधली. ताडपत्री जमिनीपर्यंत ओढायची नाही असं तात्यांना बजावलं. खालून वारा खेळला नाही तर आत घाम धरतो आणि झाकल्यापेक्षा उघडा बरा म्हणायची वेळ येते. त्यांनी मान हलवली. दीड ओहमवाली कॉइल मी गाडीत टाकून नेणार होतो, पोरांना दाखवायला बरी. ती कुठंच दिसेना. विचारलं तर तात्यांनी बिस्किटांच्या डब्याकडे बोट दाखवलं.